तीन जागांतून एक निवडायची आहे. एएचपीसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

पिंपळगाव बसवंत, ओझर की दिंडोरी, द्राक्षांचं प्री-कूलिंग युनिट कुठे टाकायचं हे तुमच्या शेतकरी कंपनीला ठरवायचंय, आणि त्यासाठी एएचपीचं (निकषांची दोन-दोन करून तुलना करून त्यांचं महत्त्व आकड्यात ठरवायची पद्धत) सॉफ्टवेअर विकत घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. घेऊ नका. तीन जागा आणि चार-पाच निकषांना लिबरऑफिस कॅल्क पुरतं. तयार आलेख हवे असतील तर सुपर डिसिजन्स फुकट मिळतं.

ज्या जमिनीचा बिगरशेती वापर (एनए) होणार नाही किंवा जिथे थ्री-फेज जोडणी मिळणार नाही, ती तक्त्यात घेऊच नका. गुणांची बेरीज करताना जमिनीचा स्वस्त भाव विजेची उणीव झाकून टाकतो. तसंच ‘हायवेपासून अंतर’ आणि ‘न्हावा शेवा बंदराला लागणारा वेळ’ असे दोन्ही निकष ठेवलेत, तर वाहतूक बरीचशी दोनदा मोजली जाते.

आता वेटेज, म्हणजे प्रत्येक निकषाचं वजन. एएचपी मांडणाऱ्या थॉमस साटींच्या १ ते ९ पट्टीवर (१ म्हणजे सारखंच महत्त्व, ९ म्हणजे कितीतरी जास्त) जोड्या लावा, म्हणजे दोन-दोन निकषांची तुलना करा. समजा विजेचा भरवसा जमिनीच्या भावापेक्षा ३ पट, बागांपासूनच्या अंतरापेक्षा ५ पट महत्त्वाचा, आणि भाव अंतरापेक्षा २ पट. हे आकडे तक्त्यात भरा, उलट बाजूला १/३, १/५, १/२ आणि स्वतःसमोर १. प्रत्येक ओळीवर जिओमीन (आकड्यांचा गुणाकार करून मूळ काढलेली सरासरी) लावा आणि येणाऱ्या आकड्याला तिन्हींच्या बेरजेने भागा: ०.६५, ०.२३, ०.१२. सुसंगती गुणोत्तर (तुलना एकमेकींशी किती विसंगत आहेत ते सांगणारा आकडा) ०.००३ येतं, ०.१० पर्यंत चालतं. पण ५ च्या जागी चुकून १/५ भरलात, तर तेच १.२३ होतं. गुणोत्तर असं उसळलं की मतं बदलायच्या आधी उलटा भरलेला आकडा शोधा. बहुतेक वेळा तोच सापडतो.

खरा घोळ मात्र जागांना गुण देताना होतो, आणि त्यावर कुठलंही सॉफ्टवेअर ओरडत नाही. बागांपासूनची अंतरं १४, १५, १६ किमी आहेत असं धरा. ‘किमान-कमाल’ पर्याय निवडला की १४ ला पूर्ण १ आणि १६ ला चक्क ०. दोन किलोमीटरच्या फरकाने एक जागा नापास! म्हणून पट्टी स्वतः बांधा: ५ किमीला १००, ३० किमीला ०. मग गुण ६४, ६०, ५६ येतात, म्हणजे फरक आहे तेवढाच दिसतो. भावाचीही अशीच पट्टी करा, फक्त भाव कमी तर गुण जास्त, ही दिशा तपासा. आणि जोड्या लावताना संचालकांना नुसतं ‘वीज महत्त्वाची की भाव?’ विचारू नका. ‘विजेच्या पट्टीच्या तळापासून टोकाला जाणं मोलाचं, की भावाच्या?’ असं विचारा. पट्टीच माहीत नसेल तर वेटेजला अर्थ उरत नाही.

प्रत्येक जागेचे गुण त्या-त्या वेटेजने गुणून बेरीज केली की निकाल येतो. तो आला की विजेचं वेटेज ०.४५ वर आणून बघा. बाकीची दोन त्याच प्रमाणात वाढवा, म्हणजे ०.३६ आणि ०.१९, एकूण १ राहिलं पाहिजे. एवढ्याने पहिला क्रमांक बदलत असेल तर दोन्ही जागांवर विजेची पुन्हा प्रत्यक्ष चौकशी करा.

संचालकांचे आकडे एकत्र करताना साधी सरासरी घेऊ नका. एकाने ५ भरले, दुसऱ्याने १/५, तर ती २.६ येते, म्हणजे पहिल्याचीच बाजू जिंकते. जिओमीन १ देतं, म्हणजे बरोबरी.