पाळीव कासवाच्या कवचावर पांढरे डाग का पडतात आणि त्यावर काय करावे?

पाण्यात राहणाऱ्या कासवाच्या पाठीवरील पांढरे डाग नेहमीच रोगाचे लक्षण नसतात. कवच कोरडे झाल्यावरच दिसणारा आणि ओले होताच नाहीसा होणारा खडबडीत पांढुरका थर बहुधा जड पाण्यातील क्षारांचा असतो. तसेच वाढत्या वयाच्या कासवाच्या कवचावरील खवले पातळ, पारदर्शक पापुद्र्यांच्या रूपाने गळतात, तेव्हाही रंग फिका वाटतो. हे पापुद्रे ओढून काढू नयेत, कारण खालच्या जिवंत ऊतींना इजा होऊन तेथूनच संसर्ग शिरतो.

खरी काळजी वेगळ्या खुणांची करावी: बोटाने हलकेच दाबल्यावर मऊ लागणारा भाग, दुर्गंधी, खड्डे, स्राव किंवा खवल्यांखाली पसरलेली लालसर झाक. ही कवचकुजीची लक्षणे असून लाली रक्तात पसरलेल्या संसर्गाचीही असू शकते. अशा वेळी घरगुती उपायांत दिवस न घालवता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कवचाला तेल मुळीच लावू नये. मऊ ब्रशने शेवाळ काढावे, पाणी गाळून स्वच्छ ठेवावे आणि अंग पूर्ण सुकेल अशी उबदार कोरडी जागा द्यावी. यूव्हीबी (सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा एक प्रकार) देणारा दिवाही हवाच. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन त्याची जागा घेत नाही, कारण काच ते किरण अडवते. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात.