बकरीला ३ लाख, आजीला २४०

प्रश्न : ताई, मी भोरजवळच्या एका गावातली, बीकॉम झालंय, सध्या घरीच शिकवण्या घेते. माझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, म्हणजे बसली की तासभर थांबत नाही. वर्षभर मी मोबाईलवर तिचं रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकतेय, खाली शब्द लिहिते, अवघड शब्दांचे अर्थ देते, एका व्हिडिओला आठवडा जातो. व्ह्यूज २४०. कमेंट दोन-चार, त्यातल्या मुळशीकडच्या एका बाई तर दर वेळी लिहितात की आमच्यात ही ओवी वेगळी म्हणतात. आणि मागच्या महिन्यात आजी गात असताना शेजारची बकरी तिचा पदर खायला लागली, आजीने ओवी न तोडता एका हाताने खुंटा फिरवत दुसऱ्या हाताने तिला सुपाने हाणलं. ती १८ सेकंदांची क्लिप गंमत म्हणून टाकली तर ३ लाख! भाऊ म्हणतो आता बकरीचंच चॅनेल काढ. लोक नेमकं काय शेअर करतात? आणि मनापासून केलेलं कोणी बघत नसेल तर करायचं कशाला?

उत्तर : मी पण बघितली गं ती क्लिप, मला माझ्या नणंदेने पाठवली होती! तू म्हणतेय, चालेल ना?

बघ, अमेरिकेत दोन संशोधकांनी न्यूयॉर्क टाइम्सचे जवळजवळ ७,००० लेख घेऊन त्यातले कुठले लोक एकमेकांना जास्त ई-मेल करतात ते तपासलं होतं, २०१२ साली ते छापून आलं. त्यात निघालं असं की ज्याने माणूस हलतो, चेकाळतो, थक्क होतो, संतापतो, घाबरतो ते पुढे जातं, आणि ज्याने नुसतं वाईट वाटतं ते तेवढं जात नाही. आता हे तुझ्या अंगणात आणून बघ. बकरी बघून हसू आवरेना म्हणून नणंदेने मला पाठवली, मी जावेला. आजीची माहेरची ओवी ऐकून मात्र माझे डोळे भरले आणि मी फोन पालथा ठेवून गॅसवरचं दूध बघायला गेले. आवडली नाही असं नाही, उलट दिवसभर डोक्यात होती. पण पाठवली का? नाही पाठवली. कुणाला पाठवू आणि काय म्हणून पाठवू, हेच सुचलं नाही.

खरी अडचण तिथे आहे. आणि मजा म्हणजे तिचं उत्तर ओवीतच आहे. इंटरनेट सोड, रेडिओ नव्हता तेव्हापासून ओव्या या गावातून त्या गावात गेल्या, माहेरून सासरी गेल्या, लिहिणारीचं नाव कुणालाच माहीत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोन अभ्यासकांनी गावोगाव फिरून महाराष्ट्रातल्या बायकांकडून १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, २०१७ पासून त्या पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या वेबसाईटवर ऐकायला मिळतात, आजीला नक्की ऐकव. त्या एवढ्या पसरल्या कशामुळे तर ओवीत प्रत्येकीला आपलं काहीतरी घालायला जागा असते, आपल्या भावाचं नाव घाल, आपलं गाव घाल, विठ्ठलाला आपलं गाऱ्हाणं सांग. तुझ्या चौदा-पंधरा मिनिटांच्या सलग व्हिडिओत ती जागाच नाहीये, तो म्हणजे अख्खं पायलीभर पीठ एकदम कुणाच्या तरी दारात नेऊन ओतल्यासारखं झालं.

तर मोठा व्हिडिओ आहे तसाच राहू दे, पण त्यातली एकेक ओवी सुटी काढ. भावाची ओवी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी टाक, विठ्ठलाची आषाढीला, लेक सासरी निघाल्याची लग्नसराईत. म्हणजे पाठवणारीला निमित्त मिळतं. लग्नाची हळद दळताना जात्यापाशी म्हणायला ओव्या लोकांना हव्याच असतात आणि घरात सांगणारी आजी आता राहिलेली नसते, मग कुठे बघणार, यूट्यूबवर. तेव्हा नावात सरळ 'हळद दळतानाच्या ओव्या' असं लिही, 'भाग १७' लिहिलंस तर कुणाला कसं सापडेल. आणि नुसते व्ह्यूज बघू नकोस, लोक किती वेळ बघतायत तेही यूट्यूब स्टुडिओ या ॲपमध्ये दिसतं ते बघ, २०१२ पासून यूट्यूब कुणाला काय दाखवायचं हे ठरवताना त्याला बरंच महत्त्व देतं.

नशिबाचा भाग आहेच, तो लपवत नाही. २००६ साली असाच एक प्रयोग छापून आला, १४ हजारांवर माणसं, अनोळखी बँडची ४८ गाणी. त्यांचे वेगवेगळे गट केले, प्रत्येक गटाला फक्त आपल्याच गटाने काय डाउनलोड केलंय ते दिसायचं. तर दर गटात हिट झालेली गाणी वेगळी! अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी टाकाऊ सहसा वर आली नाहीत, मधल्यांचं काहीही झालं. त्यामुळे बकरीचा दुसरा भाग काढलास तरी ३ लाख येतील याची गॅरंटी नाही, भावाला सांग. नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे 'आपली आजी', २०२० मध्ये त्यांचा कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ तुफान चालला. कारलं! ठरवून कुणी कारल्यावर पैज लावली असती का?

आता ते 'मनापासून'. मला पॅशन शब्दाचा जरा कंटाळा आलाय, आपल्याकडे नाद म्हणतात तो बरा. नाद असला की व्हायरल होतं असं अजिबात नाही, नाद असलेली पण कुणी न बघितलेली कितीतरी माणसं माझ्या ओळखीत आहेत. पण तू आठवडाभर बसून शब्दांचे अर्थ लिहिलेस म्हणून ती मुळशीची बाई आली. बकरीच्या ३ लाखांत एक तरी कमेंट अशी आहे का, की आमच्यात बकरीला वेगळं हाणतात? तिला उत्तर दे, तिच्याकडची ओवी रेकॉर्ड करून मागव आणि दोन्ही ओव्या एका क्लिपमध्ये एकापुढे एक लाव. मग बघ बाकीच्या गावच्या बायका भांडायला येतात की नाही.

आणि बकरीची क्लिप काढू नकोस हं. तिच्याखाली त्या दिवशीच्या पूर्ण ओवीची लिंक चिकटव.

प्रश्न : निवृत्त आहे, डोंबिवली. मी स्वतः विचार करून लिहिलेले संदेश ग्रुपवर कोणी पुढे पाठवत नाही. मात्र वाटेल त्या थापा 'अनेकदा फॉरवर्ड' होऊन येतात. असे का?

उत्तर : काका, थाप नेहमी नवी असते आणि खरं आपल्याला बहुतेक वेळा आधीच माहीत असतं. ट्विटरवरच्या बातम्यांचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात खोट्या बातम्या पुढे पाठवल्या जाण्याची शक्यता खऱ्यांपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. त्याच वर्षी धुळ्यात राईनपाड्याला मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेवरून ५ निरपराध माणसं मारली गेली, देशात इतरत्रही असे प्रकार झाले, मग व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी ५ चॅटची मर्यादा घातली, आणि २०२० पासून ते दुहेरी बाणवाले 'अनेकदा फॉरवर्ड' मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातात. तुमचे संदेश चांगले असतील हो, पण सकाळी सहाला चार परिच्छेद कोण वाचणार? त्यातला तुमच्या नोकरीतला एखादा किस्सा तेवढा ठेवा आणि तो गुलाबाचा फोटो काढून टाका.