प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या पिल्लांसाठी पहिली वाकळ शिवताना

अगं, नवं कापड आणायला धावू नकोस. घरातली जुनी सुती साडी काढ. आईचं नऊवारी मिळालं तर सोनंच, फक्त जरीचा काठ आधी उसव. दोन बाय अडीच फूट पुरे. आत तीन-चार पदर म्हणजे थर, वरखाली धडकं कापड, आणि धावदोरा.

टाके मात्र बारीक हवेत. माझ्या पहिल्या वाकळेचे टाके बोटभर लांब होते. कुत्रीनं अंग टाकण्याआधी नखांनी उकरलं आणि सकाळपर्यंत निम्मा दोरा बाहेर! मांजरासाठी तर दुप्पट जप. गिळलेला लांब दोरा आतड्यात अडकला की ऑपरेशनच. म्हणून बटणं, टिकल्या, कोपऱ्यांचे गोंडे काही नको. हौस असली तर ठिगळांच्या रंगात भागव.

कापूस भरू नकोस. २०१९ च्या पुरात मी कापसाच्या जाड गाद्या दिल्या होत्या. भिजल्या त्या भिजल्याच, कुबट वास सुटला, टाकाव्या लागल्या. पदरांची वाकळ पिळून दोरीवर टाकली की वाळते.

जन्मलेल्या पिल्लांना पहिले काही आठवडे स्वतःची ऊब धरता येत नाही, त्यामुळं थंडीआधीच दोन-तीन तयार ठेव. पार्वो हा कुत्र्याच्या पिल्लांचा जीवघेणा, पसरणारा आजार; तो झालेल्या पिल्लाखालची वाकळ दुसऱ्याला देऊ नकोस. त्याचा विषाणू साध्या धुण्यानं जात नाही. सरळ जाळून टाक, जीव तुटला तरी. आणि देण्याआधी निवाऱ्यात विचार, कधीकधी त्यांना वाकळेपेक्षा जुने टॉवेलच जास्त लागतात.