चार दिवस उशीर आणि चार दिवस गप्प

प्रश्न : मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या सत्रात आहे. एका विषयात 100 पैकी 10 गुण ‘सहभाग आणि प्रोफेशनलिझम’साठी आहेत. सत्राअखेरीस आम्हीच दीड पानाचं आत्मपरीक्षण लिहायचं आणि स्वतःला गुण सुचवायचे. मी सगळं वाचून जाते, पण वर्गात फारशी बोलत नाही. गटाच्या प्रकल्पात माझा भाग चार दिवस उशिरा दिला. तो नीट जमला नव्हता, दाखवायची लाज वाटत होती. त्यावरून कुरबुर झाली. खरं लिहिलं तर गुण जातील, खोटं लिहायला हात धजत नाही. मसुदा जोडला आहे. सत्र संपायला तीन आठवडे आहेत. काय करू?

उत्तर :

तुझा मसुदा वाचला. पहिल्याच परिच्छेदात ‘सक्रिय’ तीनदा आणि ‘नेहमी’ चारदा आलंय. उशिरा दिलेल्या भागाचा मात्र त्यात मागमूस नाही, तो फक्त मला लिहिलेल्या पत्रात आहे. म्हणजे खरं आत्मपरीक्षण तू लिहून मोकळी झाली आहेस, पाठवलंस तेवढं चुकीच्या माणसाला.

असे मसुदे मी पुष्कळ वाचलेत. वरचं नाव झाकलं तर कुठला कोणाचा ते ओळखू येत नाही, सगळेच सक्रिय आणि सगळेच नेहमी. तेव्हा आधी विशेषणं काढून टाक. मग नोट्सची वही, ईमेल आणि गटाच्या सामायिक फाइलमधली बदलांची नोंद उघड आणि कोणत्या तारखेला काय केलंस ते उतरवून काढ. आठवणीवर विसंबू नकोस. रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये पती-पत्नींना घरच्या कामांतला आपापला वाटा विचारला, तर बहुतेक जोडप्यांत दोघांच्या वाट्यांची बेरीज पूर्णाच्या वर गेली. कोणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. आपण केलेलं आपल्याला जास्त आठवतं, इतकंच. गटकामाचंही तेच होतं.

आता बोलण्याबद्दल. कमी बोलणं म्हणजे सहभाग नसणं, असं मी मानत नाही. मेरी बड रो या संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतले संवाद तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं तिला दिसलं. ते तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तेव्हा सगळं खापर स्वतःवर फोडू नकोस. पण सगळं घड्याळावरही ढकलू नकोस, कारण तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

वर्गात तू बोलत नाहीस, कारण मुद्दा पक्का झालेला नसतो. गटाला तू चार दिवस काही कळवलं नाहीस, कारण भाग पक्का झालेला नव्हता. या दोन तक्रारी वेगळ्या नाहीत. अर्धवट काही चारचौघांत काढायचं नाही, ही तुझी एकच सवय दोन ठिकाणी दिसते आहे. वर्गात ती सवय फक्त तुझं नुकसान करते, गटात मात्र इतरांचं काम अडवते. उशीर कोणाचाही होतो. ‘गुरुवारी देणार होते, जमत नाहीये, दुसरा मुद्दा अडलाय’ एवढा निरोप बुधवारी गेला असता, तर कोणीतरी मदत केली असती किंवा निदान आपलं काम पुढे-मागे केलं असतं. प्रोफेशनलिझम म्हणतात तो त्या बुधवारच्या निरोपात असतो. पुढे तुझ्या शिफारसपत्रात ‘भरवशाची’ हा शब्द लिहायचा की नाही, हे प्राध्यापक बहुधा अशाच गोष्टींवरून ठरवतील.

म्हणून दीड पानांतलं एक पान या सवयीला दे. उरलेल्या अर्ध्यात वाचन, हजेरी, इतरांच्या मसुद्यांवर दिलेल्या सूचना, जे खरोखर केलंस ते तारखांसह. मी नमुन्याचा परिच्छेद लिहून देणार नाही. दिला तर तू तोच उतरवशील, हे अनुभवाने सांगतो. एवढंच सांभाळ : ‘मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे’ हे वाक्य येऊ देऊ नकोस. कबुलीच्या वेषातली ती फुशारकी आहे आणि प्राध्यापकांनी ती शेकडो वेळा वाचलेली असते. गटातल्या कोणाचं काय चुकलं हेही नको. ते त्यांच्या कागदावर येईल किंवा येणार नाही.

गुणांचं विचारलंस, तर आधी निकषांचा तक्ता पाहा. ‘मुदत पाळणे’ असं वेगळं कलम असेल, तर तिथे एखादा गुण स्वतःहून कमी कर. उरलेले घ्यायला लाजू नकोस. स्वतःला उगाच कमी देणं हाही खोटेपणाच.

मसुदा देण्याआधी गटाशी बोल. भाग उशिरा का आला, हे त्यांना अजून माहीत नाही असं दिसतं. ते त्यांच्याआधी प्राध्यापकांना कळलं, तर बरं दिसणार नाही. आणि हातात तीन आठवडे आहेत, तेवढ्यात एक तरी अर्धी-कच्ची शंका वर्गात विचार. ‘हे मला अजून नीट सुचलेलं नाही, पण’ अशी सुरुवात केलीस तरी चालेल. त्या दिवसाच्या तारखेसाठी शेवटच्या परिच्छेदात जागा मोकळी सोडून ठेव.