सरकारी मत्स्यसंशोधनाचा मच्छिमाराला खरंच काही उपयोग होतो का?

होतो, फक्त तो बंदरावर पटकन दिसत नाही. पापलेटचंच घ्या. १९४७ मध्ये स्थापन झालेली, कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था कित्येक दशकं किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरणारी मासळी मोजते आहे. लांबी, वजन तर बघतातच, पण पोट फाडून गाबोळी तयार झाली का, हेही तपासतात. त्यावरून मादी साधारण किती लांबीची झाली की पहिल्यांदा अंडी घालते ते कळतं. त्याआधीच पकडली तर पुढची पिढी येणार कुठून?

याच अभ्यासाच्या आधारे महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. जाळ्यांवरही काम झालंय: ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागून ओढायच्या जाळ्याच्या, शेवटच्या पिशवीतले नेहमीचे तिरपे आस (जाळ्याची भोकं) ओढताना मिटतात, चौकोनी आस उघडे राहतात आणि बारकी पिल्लं निसटतात.

माझ्या मते अडतं ते अंमलबजावणीत. बाजारात तळहाताएवढी पापलेटं विकत घेणारं गिऱ्हाईक आहे, तोवर ती पकडली जाणारच. त्यामुळे नियम बोटीसोबत लिलावातही तपासला पाहिजे.