कोळंबीच्या शुक्राणूला शेपूट नसते, मग तो अंड्यापर्यंत पोहोचतो कसा?

तुमचा प्रश्न असा आहे की शेपूट नाही, पोहता येत नाही, तर हा शुक्राणू अंडं गाठतो कसा आणि आत शिरतो कसा. गाठायची वेळच त्याच्यावर येत नाही. मादी त्याला सोबत घेऊनच फिरत असते.

मी काही वर्षं वनामीच्या, म्हणजे तळ्यात वाढवतात त्या पांढऱ्या कोळंबीच्या, हॅचरीत (अंड्यांतून पिल्लं काढायच्या केंद्रात) काम केलंय. पहिल्यांदा नराचे शुक्राणू मायक्रोस्कोपखाली पाहिले, तर काचेवर एकही हलेना. मी वहीत 'सगळे मृत' लिहायला घेतलं. शेजारचे जुने टेक्निशियन हसायला लागले. "अरे, हे कधीच हलत नाहीत!" दिसायला हुबेहूब ड्रॉइंग पिन: गोल डोकं आणि त्याला एकच काटा.

नर हे शुक्राणू पाण्यात मोकळे सोडत नाही. चिकट पुडीत बांधून ती मादीच्या छातीखाली, चालायच्या मागच्या पायांच्या मधोमध चिकटवतो. वनामीत पुडी बाहेरच राहते. संध्याकाळी टॉर्च मारला की पांढरी दिसते. अशा माद्या जाळीनं हळूच उचलून अंडी घालायच्या टाकीत सोडायच्या. धसमुसळेपणा केला की पुडी गळून पडते आणि रात्र फुकट! टायगर कोळंबीत मामला वेगळा. तिथे मादीनं नुकतंच कवच टाकलेलं असतं, अंग मऊ असतं, तेव्हा जुगतात, आणि पुडी आतल्या खिशात जाते. पुढचं कवच टाकेपर्यंत तोच साठा पुरवायचा, कारण कवचाबरोबर तोही जातो.

अंडी बाहेर पडतात ती तिसऱ्या जोडीच्या पायांच्या बुडातून, मादी पोहत असताना, बहुधा रात्री. शुक्राणूंची पुडी किंवा साठा त्याच्या जरासाच मागे. त्यामुळे अंडी आणि शुक्राणू पाण्यात एकदमच मिसळतात.

आता खरी गंमत. याचा बारीक अभ्यास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या सिसिओनिया जातीच्या कोळंबीत झालाय. अंडं जागं होतं ते शुक्राणूमुळे नाही, समुद्राच्या पाण्यातल्या मॅग्नेशियममुळे! पाणी लागताच अंड्याच्या आत कॅल्शियमची लाट उठते आणि अडून राहिलेलं पेशीविभाजन पुढे सरकतं. वनामी आणि टायगरच्या अंड्यात तर कडेला दांड्यांसारखा माल भरून ठेवलेला असतो. पाणी लागलं की तो बाहेर येऊन फुगतो आणि अंड्याभोवती जेलीचा थर होतो. शुक्राणू मिळो न मिळो, हे होतंच. म्हणून जेली दिसली म्हणजे अंडं फळलं, असं समजू नका. मी समजलो होतो.

शुक्राणूचं काम काट्याच्या टोकापासून सुरू होतं. टोक अंड्याच्या आवरणाला चिकटतं, मग डोक्यातली पिशवी फुटते, काटा नाहीसा होतो आणि पिशवीतला माल आवरणावर पडतो. त्यानंतर एक बारीक तंतू पुढे निघतो, शुक्राणूचं पटल अंड्याच्या पटलाला मिळतं आणि शुक्राणूचं केंद्रक आत जातं. गंमत अशी की सिसिओनियात थेट नराकडून काढलेला शुक्राणू हे करतच नाही. मादीच्या खिशात राहिल्यावरच त्याला ती कुवत येते.

अर्ध्या-पाऊण तासात अंड्याभोवती नवं कवच उचललं जातं. पिल्लू बाहेर येईपर्यंत तेच त्याचं घर.

बाजारातून आणलेल्या वनामी-टायगरसारख्या समुद्री कोळंबीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस दिसत नाही, तोही यामुळेच: ती अंडी पाण्यात सोडून मोकळी होते. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी मात्र फळलेली अंडी पोटाखाली बाळगते.

हॅचरीत आम्ही थोड्या वेळानं बीकरमध्ये नमुना घेऊन बघायचो. दोन सारख्या पेशी, मग चार, असे नीट भाग पडत असले तर झोपायला जायचं. वेडेवाकडे तुकडे दिसले तर सकाळी नॉप्ली (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं) मोजायला फारसं काही नसायचं.