अध्यादेशाचे आयुष्य किती?

प्रश्न : ताई, अधिवेशन संपून महिना होत नाही तोच अमुक अध्यादेश निघाल्याची बातमी येते. मंत्रिमंडळ ठरवते, राज्यपाल सही करतात आणि कायदा लागू होतो. मग आम्ही आमदार निवडून देतो ते कशाला? असा अध्यादेश किती दिवस चालवता येतो आणि सरकारने तो ओढतच नेला तर थांबवणार कोण?
– एक ऊस उत्पादक वाचक, माढा

उत्तर : तुम्ही ऊस लावता, म्हणून उसापासूनच सुरुवात करते. बिहारमध्ये 1968 साली ऊस पुरवठा आणि खरेदीच्या नियमनासाठी एक अध्यादेश निघाला. विधिमंडळाकडून त्याचा कायदा करून न घेता तो जवळजवळ 14 वर्षे जिवंत ठेवला गेला. तेवढ्या काळात तुमच्या रानात लागण आणि खोडव्याच्या किती फेऱ्या होतात ते तुम्हीच मोजा.

नियम असा नव्हता आणि नाही. संविधानाच्या अनुच्छेद 213 प्रमाणे विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना, तातडीची गरज असेल तरच राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने अध्यादेश काढू शकतात. पुढचे अधिवेशन भरले की तो दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवायचा. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही, तर तो आपोआप संपतो. सभागृहांनी त्याआधी नामंजुरीचा ठराव केला, तर तेव्हाच संपतो. समजा नागपूरला अधिवेशन 8 डिसेंबरला सुरू झाले, तर आधी निघालेल्या अध्यादेशाची मुदत 19 जानेवारीपर्यंत. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचे नसते. म्हणून कितीही ताणला तरी एका अध्यादेशाचे आयुष्य साडेसात महिन्यांच्या आसपास संपते.

बिहारने काय केले? विधिमंडळ भरायचे, उठायचे आणि लगेच तोच अध्यादेश नव्या क्रमांकाने पुन्हा निघायचा. अधिवेशन संपले की संसदीय कार्य विभागाकडून सर्व खात्यांना पत्र जायचे, की मुदत संपत आलेले अध्यादेश पुन्हा काढायची तयारी करा. मजकूर तोच असेल तर पुन्हा मंत्रिमंडळाच्या मान्यतेची गरज नाही, असेही त्यात सांगितलेले होते. हे मला फार गंभीर वाटते. म्हणजे विधानसभा बाजूला राहिलीच, निवडून आलेल्या मंत्र्यांनीही त्या कागदाकडे पुन्हा बघायचे कारण उरले नाही.

हे उघडकीला आणणारा माणूस आपल्या पुण्यातला. गोखले इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रे चाळली आणि एकेका अध्यादेशाच्या तारखा मांडल्या. 1967 ते 1981 या काळात असे 256 अध्यादेश एक वर्षापासून 14 वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेल्याचे त्यातून निघाले. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्याबरोबर आणखी तीन अर्जदार होते : रांची जिल्ह्यातला एक रयत, पाटण्याच्या महाविद्यालयातला इंटरमिजिएटचा (अकरावी-बारावीचा) एक विद्यार्थी आणि विटांचा एक व्यापारी. वनोपजाचा व्यापार, इंटरमिजिएट शिक्षण परिषद आणि विटांचा पुरवठा असे तीन अध्यादेश त्यांच्या जगण्याला थेट भिडत होते.

सरकारचा आक्षेप होता, की पुण्याच्या प्राध्यापकाचा बिहारच्या अध्यादेशांशी संबंध काय? न्यायालयाने तो मानला नाही. आपल्यावर चालणारा कायदा संविधानाने सांगितलेल्या वाटेनेच यावा, असा आग्रह धरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असे सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने 20 डिसेंबर 1986 रोजी सांगितले. पुन्हा पुन्हा अध्यादेश काढत राहणे ही संविधानाची फसवणूक आहे, असे ठरवून इंटरमिजिएट परिषदेचा तेव्हा चालू असलेला अध्यादेश रद्द केला. केलेल्या कष्टांबद्दल बिहार सरकारला वाधवांना खर्चापोटी 10,000 रुपये द्यायला लावले. मी तेव्हा राज्यशास्त्राची नवखी अध्यापक होते. हा निकाल वर्गात वाचून दाखवताना ‘रयत’ हा शब्द आला आणि मागच्या बाकांवरची कुजबूज थांबली, ते आजही डोळ्यांसमोर आहे.

एक फट मात्र त्या निकालात राहिली. अधिवेशन लहान असेल किंवा कामाचा फार ताण असेल तर पुन्हा अध्यादेश काढणे चालू शकेल, असे न्यायालय म्हणाले. मला ही सवलत तेव्हाही पटली नव्हती, कारण अधिवेशन किती दिवसांचे ठेवायचे हे व्यवहारात सरकारच ठरवते.

पुढे 2 जानेवारी 2017 रोजी सात न्यायाधीशांनी पुन्हा बिहारच्याच एका प्रकरणाचा निकाल दिला. 1989 साली खासगी संस्कृत शाळा सरकारच्या ताब्यात घेणारा अध्यादेश निघाला, मग त्याच्यामागोमाग आणखी काही निघाले, आणि त्यांतला एकही विधिमंडळापुढे ठेवला गेला नाही. बहुमताने ठरले, की अध्यादेश सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक आहे आणि ही सगळी साखळी घटनाबाह्य आहे. आपण सरकारी नोकर झालो असे समजून बसलेल्या शिक्षकांना त्यातून कोणताही हक्क मिळाला नाही. दिलेला पगार वसूल करू नये, एवढाच दिलासा मिळाला. सरकारच्या आडवाटेची किंमत त्या शिक्षकांनी मोजली, याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हा थांबवणार कोण, तर न्यायालय थांबवते, पण कोणीतरी दाद मागितल्यावर आणि बहुधा उशिरा. वाधवांचे आकडे 1981 पर्यंतचे आणि निकाल 1986 चा. त्याआधी थांबवण्याचा अधिकार तुमच्या आमदारांकडे असतो. नामंजुरीचा ठराव मांडणे आणि विधेयक आल्यावर त्यावर बोलणे ही त्यांचीच कामे. म्हणून ज्या अध्यादेशामुळे तुम्ही हे पत्र लिहिले, त्याचा क्रमांक आणि तारीख राजपत्रातून उतरवून घ्या. अधिवेशन सुरू झाले की आमदारांना लेखी विचारा : हा पटलावर कोणत्या दिवशी ठेवला? विधेयक आले का? तुम्ही त्यावर बोललात का? त्यांचे उत्तर आले की मला जरूर कळवा.